पिल्लू तर घरी आलं... आता?

भाद्रपद आणि कुत्री यांच्यावरचे मोठ्या माणसांचे विनोद तुम्ही ऐकले असतीलच. (आणि आई जवळपास नाही ना, हे बघून मगच हसला असाल.) विनोद सोडा, पण त्यामागे एक साधं गणित आहे. आपल्याकडच्या गल्लीतल्या कुत्र्यांचा मुख्य हंगाम गणपतीच्या आगेमागे असतो. पिल्लं पोटात राहतात साधारण ६३ दिवस. म्हणजे ती जन्मतात दिवाळीच्या आसपास आणि चार-पाच आठवड्यांची होऊन जिन्याखालून, पार्किंगमधून, बांधकामाच्या वाळूतून लुटूलुटू बाहेर पडतात ती बरोब्बर डिसेंबरात. तुमच्या सेमिस्टरच्या ऐन तोंडावर.

त्यामुळे ‘आम्ही विचार करून कुत्रा पाळायचं ठरवलं’ असं वाक्य आपल्या वयाच्या कुणाकडून फारसं ऐकू येत नाही. ऐकू येतं ते असं : ‘अरे, गाडी काढायला गेलो तर चाकापाशी बसलं होतं.’ ‘झेरॉक्सच्या दुकानापासून मागे मागेच आलं.’ ‘थंडी होती रे, म्हटलं एक रात्र ठेवू.’ ती एक रात्र मग बारा ते पंधरा वर्षांची होऊ शकते, कारण नीट सांभाळलं तर देशी कुत्रं तेवढं सहज जगतं.

असं न बोलावता आलेलं सगळ्यात प्रसिद्ध पिल्लू म्हणजे रतन टाटांचा ‘गोवा’. गोव्यात भटकं पिल्लू असताना तो टाटांच्या एका सहकाऱ्याच्या गाडीत चढला आणि थेट मुंबईला बॉम्बे हाउसमध्ये पोचला, म्हणून त्याचं नाव गोवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटांच्या अंत्यदर्शनाला त्याला आणलं होतं. तो व्हिडिओ तुम्ही तेव्हा दहा वेळा तरी पाहिला असेल. फरक एवढाच, की त्या बॉम्बे हाउसमध्ये २०१८ च्या नूतनीकरणात आसपासच्या कुत्र्यांसाठी वेगळी खोलीच केली आहे. तुमच्याकडे काय आहे? कॉट बेसिसवरचा एक पलंग, तीन रूममेट आणि अकरा महिन्यांचा करार.

म्हणून प्रेमाबद्दल मी इथे फार बोलणार नाही. ते पहिल्या दहा मिनिटांत होऊनच जातं. बोलायचंय ते वर्षांच्या हिशोबाबद्दल. समजा, तुम्ही आज वीस वर्षांचे आहात. या पिल्लाचं अख्खं आयुष्य म्हणजे तुमची वीस ते तेहतीस ही वर्षं. त्यात शेवटचं वर्ष आलं, पहिली नोकरी आली, शहर बदलणं आलं, दोन-तीन घरं बदलणं आलं, कदाचित बाहेर शिकायला जाणं, कदाचित लग्न. तुमच्या आयुष्यातला सगळ्यात धावपळीचा, सगळ्यात अनिश्चित तुकडा म्हणजेच त्याचं सगळं आयुष्य. हे गणित पहिल्या रात्री कुणी करत नाही, करूही नये. पहिल्या रात्रीची कामं वेगळी असतात. पण पहिल्या आठवड्यात ते करावं लागतं.

आधी पहिली रात्र. आणि तिच्याही आधी एक मिनिट थांबा. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते अनाथ आहे असं नाही. कुत्री पिल्लांना एका जागी ठेवून खायला शोधायला जाते आणि बराच वेळ परत येत नाही. पिल्लं गुबगुबीत असतील, एकमेकांना चिकटून शांत झोपली असतील, तर आई आसपास आहे असं समजा आणि लांबून नजर ठेवा. शक्य असेल तर सहा ते आठ आठवडे ती आईजवळच राहू द्या. तेवढ्या काळात दूध तर मिळतंच, शिवाय चावायचं किती आणि कुठे थांबायचं हेही पिल्लू आई-भावंडांकडूनच शिकतं. डोळेही न उघडलेलं (डोळे साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात) पिल्लू उचलून आणलं तर ते जगवणं सरावलेल्या माणसालाही जड जातं. दर दोन-तीन तासांनी दूध आणि तेही रात्रभर! पण पिल्लू गार पडलं असेल, जखमी असेल, गोचिडांनी भरलं असेल, वाहत्या रस्त्यावर असेल किंवा तासन्‌तास केकाटत असूनही आई फिरकली नसेल, तर उचला. तिथे विचार करत बसू नका.

आमच्याकडे आली ती गेल्या डिसेंबरात, शेवटच्या सबमिशनच्या आदल्या रात्री. कर्वेनगरमध्ये आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. एक जण टपरीवर चहा आणायला गेली आणि चहा विसरून जॅकेटमध्ये पिल्लू घेऊन आली. टपरीवाल्या काकांनी सांगितलं, की चार होती; दोन गाडीखाली गेली, एक कुणीतरी नेलं, ही राहिली. नाव ठेवायला वेळ नव्हता म्हणून समोर जे पडलं होतं तेच ठेवलं : सबमिशन. लाडानं सबी.

रात्री अकराला डॉक्टर मिळणार नव्हते, त्यामुळे जे बहुतेक जण करतात तेच आमच्याही मनात आलं, वाटीभर दूध. नशीब, एकीच्या मामाकडे सांगलीत कुत्री आहेत. त्यांनी फोनवर आधी ऊब द्यायला सांगितलं, खायला नंतर. गार पडलेल्या पिल्लाला भरवलं तर ते त्याला पचतच नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी, बाटलीला टॉवेल आणि त्याशेजारी पिल्लू. आणि डेअरीचं दूध नको, कारण त्यातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात. एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे चेष्टा नाही. पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते. दात आलेलं, महिन्याच्या पुढचं पिल्लू असेल तर मऊ भात आणि उकडलेलं चिकन कुस्करून द्या. मीठ नको, मसाला नको. लगेच आंघोळ घालायचा उत्साहही आवरा, थंडीचे दिवस आहेत. ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल तर अजिबात नको. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण हेही कुत्र्यांना विषारी. म्हणजे हॉस्टेलवरचं जवळजवळ सगळंच खाणं बाद!

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. ही गोष्ट ‘परीक्षा झाल्यावर बघू’ यातली नाही, आणि हे मी एका मित्रामुळे ठामपणे सांगते. इंजिनिअरिंगला असलेल्या या मित्रानं हॉस्टेलच्या खोलीत खोक्यात पिल्लू ठेवलं होतं. रेक्टरना कळू न देता तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी पिल्लानं खाणं टाकलं, उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. सहाव्या दिवशी ते गेलं. पार्व्हो नावाचा हा विषाणू पिल्लांना अक्षरशः काही दिवसांत संपवतो, आणि त्यावर थेट मारा करणारं नेहमीचं औषध नाही. सलाइन लावून पिल्लाला तगवायचं एवढंच हातात असतं. ते जितकं लवकर सुरू होईल तितकं पिल्लू वाचायची शक्यता जास्त. दुसरी गोष्ट त्याहून कमी जणांना माहीत असते. हा विषाणू जमिनीवर, खोक्यात, पायपुसण्यात महिनोन्‌महिने टिकतो. त्या मित्राला पंधरा दिवसांत दुसरं पिल्लू आणायचं होतं. डॉक्टरांनीच थांबवलं.

लसींचं वेळापत्रक सोपं आहे. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस (पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे एकत्र), मग सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढची. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, आणि नंतर दर वर्षी. त्याआधी जंताचं औषध. या लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला इतर कुत्री फिरतात त्या जमिनीवर सोडायचं नाही, कितीही ओढलं तरी. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल सांगायला नकोच. ‘बाई साकराबाई’ हे त्याचं खरं नाव मात्र अनेकांना तिथे गेल्यावरच कळतं.

आणि तुमची स्वतःची लस? पिल्लाचे सुईसारखे दुधाचे दात लागणार, रक्त येणार. ‘एवढंसं तर पिल्लू आहे’ म्हणून सोडून देऊ नका. रेबीज पिल्लालाही असू शकतो आणि माणसात त्याची लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ उपाय उरत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते आणि ती दंडावर घेतात. पोटात चौदा इंजेक्शनं ही आजीच्या काळातली गोष्ट झाली. आमच्यापैकी दोघींनी घेतली. वेळापत्रकातला एक डोस नेमका व्हायव्हाच्या दिवशी आला, तरी चुकवला नाही.

आता तो हिशोब. आमच्याकडे तो डॉक्टरांच्या टेबलावर झाला. त्यांनी लसीकरणाचं पुस्तक काढलं, ‘नाव?’ विचारलं. आम्ही चौघी एकदम ‘सबी’. मग म्हणाले, ‘मालकाचं नाव?’ आणि खोलीत शांतता. चौघीही तिला ‘आपली सबी’ म्हणत होतो. खर्च स्प्लिटवाइजवर टाकत होतो. (पहिल्या महिन्यात ६,४०० रुपये झाले, डोक्यावर १,६००. खाण्यापेक्षा डॉक्टर आणि गाद्या धुणं यांतच जास्त गेले.) पण त्या रकान्यात चार नावं मावत नाहीत. एकीला बंगळूरची ऑफर आली होती. एकीच्या घरी दम्याचा पेशंट. तिसरी म्हणाली, ‘मी पैसे देईन कायम, पण नाव नको.’ मला त्या वेळी राग आला होता, आता वाटतं की आमच्यात सगळ्यात प्रामाणिक तीच बोलली. पेन माझ्या हातात होतं. शेवटी नाव माझं गेलं.

तुमच्याही घरात पिल्लू आलं असेल तर हा एक प्रश्न पहिल्या आठवड्यात, गप्पांमध्ये नाही तर सगळ्यांना समोर बसवून विचारा : पुस्तकात नाव कुणाचं? ‘सगळ्यांचं’ हे उत्तर ऐकायला गोड लागतं. मे महिन्यात, शेवटचा पेपर झाला की, त्या सगळ्यांच्या बॅगा भरलेल्या असतात आणि पिल्लू दारात बसलेलं असतं. दर उन्हाळ्यात कॉलेजांच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये गळ्यात पट्टा असलेली, सहा-सात महिन्यांची, गोंधळलेली कुत्री दिसतात. त्यांना ‘परत सोडलेलं’ असतं. परत कुठे? घरात वाढलेल्या कुत्र्याला गल्लीच माहीत नसते. तिथली कुत्री त्याला आत घेत नाहीत आणि गाडी आली की कुठे पळायचं हेही त्याला कळत नाही. कायद्यानं हा गुन्हा आहे बरं का. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार जनावराला भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत टाकून देणं शिक्षेला पात्र आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड : १० ते ५० रुपये. होय, दोन वडापाव आणि चहा. जुन्या काळातले आकडे आहेत ते.

रकान्यात लिहायला कुणाचंच नाव निघालं नाही, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्याला चांगला मार्ग आहे : चार-सहा आठवडे सांभाळा, जंताचं औषध आणि पहिली लस करा आणि चांगलं घर शोधा. हल्ली सगळे याला ‘फॉस्टर’ म्हणतात. फक्त ‘कुणी घेता का’ असा स्टेटस टाकून पहिल्या मागणाऱ्याच्या हातात देऊ नका. घर बघायला स्वतः जा. घरातल्या सगळ्यांना हवंय का, गच्चीत बांधून ठेवणार आहेत का, विचारा. फक्त राखणीला हवं असेल तर स्पष्ट नाही म्हणा. आमच्या वर्गातल्या एका मुलानं दोन पिल्लांना अशी घरं मिळवून दिली आणि स्वतः एकही ठेवलं नाही. आमच्यात कुत्र्यांवर सगळ्यात जास्त प्रेम त्याचं आहे, असं माझं मत आहे.

इथे एक विचित्र गोष्ट कळते. पिल्लू ‘मेल’ असेल तर चार फोन येतात, मादी असेल तर ‘नको, मग पिल्लांचा ताप’. (आणि भाषेची गंमत बघा, ‘कुत्री आहे’ म्हणायला सगळ्यांना अवघड वाटतं म्हणून सगळे ‘फीमेल’ म्हणतात.) हा ताप एका ऑपरेशननं कायमचा मिटतो. साधारण सहा महिन्यांच्या पुढे डॉक्टरांना विचारून नसबंदी करून घ्या. सबीची जुलैत झाली, दहा दिवसांत पूर्ववत उड्या.

ठेवायचं ठरलं असेल तर पुढची लढाई घराची. पुण्यात घर शोधताना एजंटचे तीन प्रश्न ठरलेले : फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, किती जणी. आता चौथा : ‘पेट?’ इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या. सोसायटीला बहुमतानं ठराव करून कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना तसंच सांगतात. पण घरमालकाशी तुमचा करार हा वेगळा मामला. त्यात ‘प्राणी चालणार नाहीत’ लिहिलेलं असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर मंडळाच्या सूचना दाखवून फायदा नाही. म्हणून लपवाछपवी करण्यापेक्षा सही करायच्या आधी सांगा. आमच्या जुन्या मालकीणबाईंनी सबीला मार्चपर्यंत चालवून घेतलं, पुढे नाही म्हणाल्या. त्यांचंही घर आहे, सोफा त्यांचाच होता. नवी खोली मिळेपर्यंत मी एकवीस घरं पाहिली. शेवटी वारज्याच्या पुढे तळमजला मिळाला. भाडं जास्त, ऑफिस लांब. मिळालं याचंच अप्रूप. महापालिकेचा कुत्र्याचा परवानाही तिथेच काढून टाकला, म्हणजे तक्रार झाली तर हातात कागद असतो.

मग गाव. सुट्टीत घरी कसं जायचं? रेल्वेत कुत्रं नेता येतं, पण आपल्यासोबत न्यायचं तर फर्स्ट एसीची अख्खी केबिन किंवा कूपे हवा. नाहीतर ते गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातं. स्लीपर किंवा थ्री एसीत नाही. म्हणजे दिवाळीला शेवटच्या क्षणी तिकीट काढून पळणं संपलं. घरचे काय म्हणतील हा आणखी वेगळा विषय. ‘आधी नको म्हणणारे बाबा आता त्यालाच मांडीवर घेऊन बातम्या बघतात’ अशा रील्स आपण सगळ्यांनी पाहिल्यात. त्या खऱ्याही असतात. पण न विरघळलेल्या बाबांची रील कुणी काढत नाही. माझी आई फोनवर म्हणाली, ‘तुझंच तुला होत नाही, त्यात हे कशाला?’ आजही तिचं मत तेच आहे. ती सबीला ओरडत नाही, पण हातही लावत नाही. मी घरी गेले की सबीचं सगळं मीच करते आणि हे आम्हा दोघींना मान्य आहे. पिल्लू ठेवायचा निर्णय घरच्यांचं मन पुढे पाघळेल या भरवशावर घेऊ नका.

‘मग कॅम्पसमध्येच ठेवू, सगळे मिळून बघू’ ही कॉलेजांची जुनी युक्तीही आता तितकी सोपी राहिलेली नाही. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणच्या आवारातली भटकी कुत्री नसबंदी आणि लसीकरण करून निवारा केंद्रात हलवायला आणि परत तिथे न सोडायला सांगितलं आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर भांडण चालू आहे आणि तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही झालं असेल. पण कॅम्पसमधल्या चार कुत्र्यांवर तुमचा खरंच जीव असेल तर त्यांच्यासाठी आता बिस्किटापेक्षा घर शोधणं जास्त उपयोगाचं. याच प्रकरणातल्या २२ ऑगस्टच्या आदेशात दत्तक घेणाऱ्यांसाठीही एक अट होती. एकदा घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये.

एक काम बहुतेक जण विसरतात. पिल्लू उचललं, पण त्याची आई तिथेच असते आणि पुढच्या भाद्रपदात ती पुन्हा तिथेच असणार. तुमच्या महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे त्या जागेची नोंद करा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे गल्लीतल्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस करून त्याला त्याच जागी परत आणून सोडतात. कानाला खाच दिसली की ओळखायचं, हिचं झालंय. पाठपुरावा करावा लागतो. आम्हाला तीन तक्रारी आणि असंख्य फोन लागले, पकडायला आलेल्या दादांना ती दोनदा चुकवून पळाली. जूनमध्ये एकदाची सापडली.

अजून त्याच टपरीपाशी असते ती. काका तिला सकाळी दोन खारी घालतात. मागच्या रविवारी सबीला घेऊन तिकडे गेले होते, म्हटलं बघू आईला ओळखते का. दोघी पाच मिनिटं एकमेकींवर जीव तोडून भुंकल्या. शेवटी काकांनीच मला चहा पार्सल करून दिला आणि म्हणाले, ‘जा बाई आता, गिऱ्हाईक घाबरतंय.’